स्पोर्ट्‌स कारमधील स्वयंचलित गिअरबॉक्सचे दोषनिदान

स्पोर्ट्‌स कारच्या स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये झटका, स्लिप (इंजिन फिरते पण ताकद चाकांपर्यंत पुरती पोचत नाही), उशिरा पडणारा गिअर, थरथर किंवा गळती यांपैकी एखादे लक्षण दिसू लागल्यावर त्याचे मूळ कारण, गिअरबॉक्स न उघडता, टप्प्याटप्प्याने शोधून काढण्याची कार्यपद्धती. ‘न उघडता’ हे शब्द व्याख्येचाच भाग मानावे लागतात. कारण गिअरबॉक्सच्या नावावर मांडलेल्या कितीतरी तक्रारींचे मूळ बॅटरी, वायरिंग, माउंटिंग (इंजिन व गिअरबॉक्स यांचे रबरी आधार), टायर किंवा ऑइल यांत सापडते, आणि पेटी एकदा खोलली की चालत्या स्थितीतला दाब, तापमान व फेऱ्यांचा वेग हा सर्वांत मोलाचा पुरावा हातचा जातो. तांत्रिक मराठीत ‘दंतचक्रपेटी’ असा शब्द असला, तरी नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या वर्कशॉपपासून गाडीमालकांपर्यंत सगळे ‘गिअरबॉक्स’च म्हणतात; या नोंदीतही तोच शब्द वापरला आहे.

प्रकार ओळखणे : पेटी कोणत्या जातीची आहे हे ठरल्याशिवाय निदानाला सुरुवात होत नाही. जनरल मोटर्सने १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबाइल गाड्यांत दिलेला हायड्रा-मॅटिक हा मोठ्या प्रमाणावर तयार झालेला पहिला पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स होय. आज प्रचलित असलेल्या पारंपरिक प्रकारात इंजिन व गिअर यांच्यामध्ये ऑइलमार्फत ताकद पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर असतो, आणि ऑइलच्या दाबाने आवळल्या जाणाऱ्या क्लच प्लेटांचे गठ्ठे ग्रहीय गिअरसंच हवे तसे जोडतात. दुसरा प्रकार दुहेरी क्लचचा. पोर्शने तो १९८० च्या दशकात ९५६ व ९६२ या शर्यतीच्या गाड्यांवर वापरून पाहिला, फोक्सवागनने २००३ मध्ये गोल्फ आर-३२ मध्ये तो रस्त्यावर आणला आणि २००८ मध्ये तो पोर्श ९११ मध्ये आला. गाडीच्या नावावरून प्रकार ठरवणे फसवे असते. बीएमडब्ल्यू एम-५ च्या एका पिढीत सात गिअरचा दुहेरी क्लच होता, तर २०१७ मध्ये आलेल्या पुढच्या पिढीत आठ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आहे. भारतात २०१६ मध्ये आलेल्या फोर्ड मस्टँगमध्ये सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर होता. निसान जीटी-आरचा दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स तर पुढे नसून मागच्या धुऱ्याशी बसवलेला असतो. प्रकार कळला की काही उत्तरे आपोआप मिळतात. दुहेरी क्लचच्या पेटीत विषम गिअर एका क्लचवर आणि सम गिअर दुसऱ्यावर असल्यामुळे, गाडी फक्त दोन, चार व सहा या गिअरांत नीट चालत असेल तर शोध लगेच अर्ध्या पेटीपुरता मर्यादित होतो.

तक्रार ऐकून घेणे : ‘गाडी झटका मारते’ या वाक्याचे निदानात फारसे मोल नाही, झटका थंडीत की गरम झाल्यावर, कोणत्या गिअरवरून कोणत्या गिअरवर जाताना, पाय दाबलेला असताना की सोडलेला असताना, हे विचारावे लागते. सकाळच्या पहिल्या चालूवेळीच ‘डी’ मध्ये टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंद उठत नसेल, तर ऑइलची पातळी, कन्व्हर्टरमधून रात्रभर निथळून गेलेले ऑइल आणि कडक झालेली सीले यांच्यावर संशय जातो. उलट थंडीत उत्तम चालणारी गाडी तासाभराने स्लिप होऊ लागली, तर ऑइल तापून पातळ झाल्यावर कुठेतरी दाब गळतो आहे, असा अर्थ होतो. दोन गिअरांच्या मध्ये इंजिन क्षणभर मोकळे सुटल्यासारखे ओरडणे हे आवळू पाहणारा क्लच वेळेवर न आवळल्याचे लक्षण आहे. नाशिकच्या द्वारका चौकातल्या कोंडीत इंचाइंचाने सरकताना दुहेरी क्लचची गाडी थरथरते, ही तक्रार मात्र सावधपणे घ्यावी. त्या चालीत क्लच सतत अर्धवट घसरत असतो व तापतो, आणि पुढच्या गाडीमागे ब्रेक हलकाच सोडून रेंगाळण्याची चालकाची सवय त्यात भर घालते. मोकळ्या रस्त्यावर थंड झाल्यावर थरथर राहत नसेल, तर दोष पेटीत शोधण्याआधी सवयीत शोधणे बरे.

‘डी’ वरून ‘आर’ मध्ये टाकताना येणाऱ्या ठोक्यासाठी बॉनेट उघडून, ब्रेक पक्का दाबून, एकाने गिअर बदलायचा आणि दुसऱ्याने बाजूला उभे राहून इंजिनाकडे पाहायचे. इंजिन एका अंगाने उचलले जात असेल, तर ठोका माउंटिंगचा आहे. मध्यभागी इंजिन असलेल्या गाड्यांत हे एवढ्या सहज दिसत नाही, तिथे गाडी लिफ्टवर घ्यावी लागते.

वीज व वायरिंग : नाशिकमध्ये स्पोर्ट्‌स कार रोज कामावर नेणारे थोडे; बहुतेक गाड्या आठवडाभर बंगल्याच्या पोर्चमध्ये किंवा फार्महाउसवर झाकून ठेवलेल्या असतात आणि रविवारी सकाळी बाहेर पडतात. त्यामुळे या शहरात पहिला संशयित बॅटरी असावा, असे म्हणण्यास जागा आहे. विश्रांतीतली सुस्थितीतली बॅटरी साधारण १२.४ ते १२.७ व्होल्ट दाखवते. त्याखाली घसरलेल्या बॅटरीवर गाडी सुरू केली की व्होल्टेज क्षणभर कोसळते, गिअरबॉक्सचे नियंत्रक युनिट गोंधळते आणि एकाच वेळी पाच-सहा युनिटांत असंबद्ध कोड (बिघाडाचे सांकेतिक क्रमांक) साठतात. असा कोडांचा घोळका हीच कमी व्होल्टेजची खूण आहे. बॅटरी पूर्ण चार्ज करून, आहेत ते कोड लिहून घेऊन, मग ते पुसून, गाडी पुन्हा चालवावी आणि कोणता कोड परत येतो ते पाहावे. लिहून घेण्याआधी कोड उडवण्याची घाई गॅरेजमध्ये नेहमी होते, आणि तिच्यामुळे दोष घडला त्या क्षणाची साठवलेली माहितीही जाते. पार्किंगमध्ये पडून असलेल्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात, पावसाळ्यात कनेक्टरमध्ये पाणी शिरून पिना हिरवट होतात; हे दोन्ही डोळ्यांनी पाहण्याचे काम आहे, स्कॅनर ते सांगत नाही.

कोडांचा अर्थ : भारतात एप्रिल २०१३ पासून गाड्यांना ओबीडी-२ ही गाडीतले दोष आपोआप नोंदणारी प्रणाली बंधनकारक झाली आणि तिच्या कोडांमध्ये गिअरबॉक्ससाठी ‘पी-०७’ ने सुरू होणारी मोठी मालिका आहे. त्यांपैकी पी-०७०० हा कोड ‘गिअरबॉक्सच्या युनिटकडे काहीतरी नोंदलेले आहे, तिकडे पाहा’ एवढेच सांगतो. त्यावरून खर्चाचा अंदाज देणे म्हणजे पाकीट न फोडता पत्र वाचणे होय. स्वस्त ब्लूटूथ उपकरणे बहुधा इंजिनाच्या युनिटपाशीच थांबतात, म्हणून गिअरबॉक्सच्या युनिटशी बोलू शकणारा स्कॅनर लागतो. पी-०७३० म्हणजे अपेक्षित व प्रत्यक्ष गिअर-गुणोत्तर जुळत नाही. पी-०७४१ म्हणजे कन्व्हर्टरचा लॉकअप क्लच, म्हणजे इंजिन व गिअरबॉक्स थेट जोडून घसर थांबवणारा क्लच, नीट लागत नाही. या शेवटच्या कोडावरून थेट कन्व्हर्टर बदलला जातो, पण तोच कोड झिजलेल्या व्हॉल्व्ह बॉडीमुळे (ऑइलचा दाब हवा तिकडे वळवणाऱ्या भागामुळे) किंवा जुन्या ऑइलमुळेही येतो.

ऑइल : अनेक आधुनिक पेट्यांना ऑइल पाहण्याची पट्टी नसते आणि ‘आयुष्यभर ऑइल बदलावे लागत नाही’ असे सांगितले जाते. आठ गिअरची प्रसिद्ध पेटी बनवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतः मात्र वापरानुसार ८०,००० ते १,२०,००० किमी किंवा आठ वर्षांनी ते बदलण्याची शिफारस करते. अशा पेटीत पातळी मोजताना इंजिन चालू ठेवून, ऑइल ठरलेल्या तापमानात, बहुधा ३० ते ५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असताना भरण्याचे बूच उघडतात. ऑइल बारीक धारेने बाहेर आले म्हणजे पातळी योग्य. नाशिकच्या मे महिन्यात इथेच चूक होते. बाहेर ४० अंशांच्या आसपास ऊन असताना गंगापूर रोडवरून चालत आलेली गाडी लगेच लिफ्टवर घेतली, तर ऑइल केव्हाच ८० अंशांच्या पुढे गेलेले असते, प्रसरण पावलेले ऑइल बुचातून भराभर वाहते, कारागीर ‘फुल आहे’ म्हणून बूच लावतो आणि प्रत्यक्षात पेटीत ऑइल कमीच राहते. गाडी रात्रभर ठेवून सकाळी मोजणे हा त्यावरचा साधा उपाय.

ऑइलचा एक थेंब पांढऱ्या फडक्यावर टाकून पाहावा. करपल्यासारखा वास व काळपट तपकिरी रंग क्लच प्लेट जळाल्याचे सांगतो. दुधाळ गुलाबी रंग दिसला, तर रेडिएटरमधल्या ऑइल कूलरला भोक पडून कूलंट मिसळले आहे. अशी गाडी पुन्हा सुरूही करू नये. पेटीखालच्या ऑइल साठणाऱ्या चेंबरमधल्या चुंबकावर साठलेला करड्या मलमासारखा बारीक लेप नेहमीच्या झिजेचा असतो व त्याने घाबरण्याचे कारण नाही, पण बोटाला टोचणारे पोलादी तुकडे किंवा पिवळसर पितळी चकाकी दिसली, तर बेअरिंग वा बुश गेले असे समजावे. ताज्या ऑइलचा रंग सर्वत्र लालच असतो असे नाही, म्हणून तुलना त्याच कंपनीच्या नव्या ऑइलशी करावी.

चालत्या गाडीतील आकडे : निदानाचा गाभा येथे आहे. इंजिन, कन्व्हर्टरमागचा टर्बाइन शाफ्ट आणि पेटीतून बाहेर पडणारा शाफ्ट या तिघांच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या स्कॅनरवर एकाच वेळी पाहता येतात. झेडएफच्या आठ गिअरच्या पेटीत सहावा गिअर थेट, म्हणजे १ ला १ असतो. समजा, ताशी ९० किमीच्या आसपास सहाव्या गिअरात, लॉकअपची आज्ञा दिलेली असताना, बाहेरच्या शाफ्टच्या मिनिटाला २,२५० फेऱ्या आहेत; मग टर्बाइन आणि इंजिन यांच्याही जवळपास तेवढ्याच हव्यात. इंजिन २,४०० आणि टर्बाइन २,२५० असेल, तर १५० फेऱ्या कन्व्हर्टरमध्ये हरवत आहेत. इंजिन २,४०० व टर्बाइनही २,४०० असेल, तर त्याच १५० फेऱ्या आतल्या क्लच प्लेटांत हरवत आहेत. चालकासमोरचा टॅकोमीटर दोन्ही वेळा २,४०० दाखवतो, त्याला दोन्ही वेळा गाडी सारखीच ‘स्लिप मारते’ असे वाटते, आणि दुरुस्ती मात्र पूर्ण वेगळी असते.

त्यासाठी रस्ताही विचारपूर्वक निवडतात. एकसारख्या वेगाची चाचणी समृद्धी महामार्गाच्या सिन्नर-इगतपुरी पट्ट्यात वेगमर्यादेत राहून नीट होते. भाराखालची चाचणी सिन्नर रस्त्यावरच्या मोहदरी घाटात किंवा मुंबईहून परतताना कसारा घाटाच्या चढणीवर होते. हलक्या पायाने ताशी ६० ते ८० किमीला खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर आली, तर वेग कायम ठेवून डाव्या पायाने ब्रेक अगदी किंचित, दिवे लागण्यापुरताच दाबतात. त्याने लॉकअप सुटतो, आणि थरथर त्याच क्षणी थांबली तर संशय लॉकअपवर पक्का होतो. न थांबल्यास संशय इंजिनावर जातो; इग्निशन कॉइल व स्पार्क प्लग आधी तपासावेत. चाचणी घेणारा आणि स्कॅनर वाचणारा हे दोघे वेगळे असलेच पाहिजेत.

ब्रेक दाबून ‘डी’ मध्ये पूर्ण पाय देऊन इंजिनाची कमाल फेरी पाहण्याची जुनी ‘स्टॉल टेस्ट’ स्पोर्ट्‌स कारवर टाळावी. मोठ्या ताकदीच्या इंजिनाने ऑइल काही सेकंदांत फार तापते, शिवाय आधुनिक युनिट या वेळी इंजिनाची ताकद स्वतःच कापत असल्याने आकडा विश्वासार्ह राहत नाही.

स्पोर्ट्‌स कारचे विशेष : गाडी जमिनीलगत असल्याने गतिरोधकावर पोट घासून चेंबरला किंवा कूलरच्या नळ्यांना चीर पडते, आणि पोटाखालचे प्लॅस्टिकचे आवरण गळणारे ऑइल पिऊन टाकते, म्हणून पार्किंगमध्ये डाग दिसत नाही, आवरण काढूनच पाहावे लागते. पुढचे व मागचे टायर अनेकदा वेगवेगळ्या मापांचे असतात. नवा जोड घेताना माप चुकले, तर चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत चाकांच्या वेगातला फरक युनिटला स्लिपसारखा वाटू शकतो. इंजिनाचे रिमॅपिंग करून, म्हणजे त्याच्या युनिटमधले सॉफ्टवेअर बदलून, टॉर्क वाढवला आणि गिअरबॉक्सच्या युनिटला ते कळवले नाही, तर ते जुन्याच दाबाने क्लच आवळत राहते; मालक ही गोष्ट बहुधा आपण होऊन सांगत नाही, विचारावी लागते.

गाडी दुरुस्तीसाठी मुंबईला पाठवायची ठरल्यास ती फ्लॅटबेडवर, चारही चाके उचलूनच न्यावी, कारण बहुतेक पेट्यांत ऑइलचा पंप इंजिनावर चालतो आणि बंद इंजिनाने ओढलेल्या गाडीत चाके आतले गिअर कोरडेच फिरवतात. सोबत कोडांची यादी, इंजिन, टर्बाइन व बाहेरच्या शाफ्टच्या फेऱ्यांची नोंद, ऑइलचा बाटलीभर नमुना आणि चुंबकाचा फोटो द्यावा. दुरुस्तीनंतर किंवा व्हॉल्व्ह बॉडी बदलल्यावर युनिटमधली शिकलेली मूल्ये पुसून, हलक्या व मध्यम पायाने सर्व गिअरांतून गाडी पुन्हा फिरवावी लागते. पहिले काही किलोमीटर गिअर थोडे राकट पडतात. त्यावरून काम फसल्याचा निष्कर्ष न काढता, ऑइलची पातळी दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड गाडीवर, एकदा पुन्हा मोजावी.