वाचनक्षमता आणि मेंदू

अक्षरे ओळखणारा मेंदूचा भाग मुळात त्या कामासाठी उत्क्रांत झालेला नाही. पाहण्याच्या जुन्याच यंत्रणेला संस्कृतीने नवे काम लावले, असे मेंदूविज्ञानातील एक संकल्पना मानते. मेसोपोटेमियातील (आजच्या इराकच्या परिसरातील) सर्वांत जुने लेखनही इ. स. पू. सु. ३३०० मधलेच मानले जाते. एवढ्या अवधीत, तेही अगदी अलीकडेपर्यंत बहुसंख्य माणसे निरक्षर असताना, वाचनासाठी वेगळी जनुके निवडली जाणे संभवत नाही.

१८९२ साली देजेरीन या फ्रेंच तज्ज्ञाने एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. त्याला लिहिता येई. पण स्वतःच लिहिलेली ओळ वाचता येत नसे. इजा डाव्या गोलार्धाच्या मागच्या भागात होती. त्याच परिसरातील एका पट्ट्याला कोहेन व देआन या मेंदू-अभ्यासकांनी २००० च्या सुमारास ‘दृश्य शब्दरूप क्षेत्र’ म्हटले. प्राइस व डेव्हलिन या संशोधकांनी २००३ मध्ये हरकत घेतली, की हा पट्टा केवळ शब्दांना राखीव नाही. जन्मांध व्यक्ती बोटांनी ब्रेल वाचत असतानाही तो सक्रिय होतो. तेव्हा नावातील ‘दृश्य’ हे विशेषणही सैलच.

खरा वाद, वाचायला शिकल्यावर या पट्ट्याच्या चेहरे ओळखण्याच्या कामाचे काय होते, याविषयी आहे. ब्राझील व पोर्तुगालमधील प्रौढांच्या २०१० च्या अभ्यासात साक्षरांमध्ये या पट्ट्याचा चेहऱ्यांना मिळणारा प्रतिसाद काहीसा कमी आढळला. म्हणजे अक्षरांनी चेहऱ्यांची जागा बळकावली, असा अर्थ लावला गेला. लखनौजवळच्या खेड्यांतील हिंदी भाषक निरक्षर व साक्षर प्रौढांच्या २०१९ मधील अभ्यासात मात्र अशी घट दिसली नाही. दोन्ही कामे शेजारी नांदतात, हे मत उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळते. निदान मोठेपणी वाचायला शिकलेल्यांपुरते तरी.

लिपीचा परिणाम आरशातील प्रतिमांबाबत विशेष दिसतो. वाघ डावीकडून दिसला काय किंवा उजवीकडून, तो वाघच. त्यामुळे डावे-उजवे रूप एकच मानण्याची दृष्टीची सवय उपयोगाची होती. रोमन लिपीतील लहान ‘बी’ (b) व ‘डी’ (d) वेगळे ओळखायचे तर ती मोडावी लागते. लहान मुले सुरुवातीला अक्षरे उलटी काढतात, त्याचे एक कारण हेच असावे. तमिळ लिपीत अशा आरशी जोड्या नाहीत. केवळ तमिळ वाचणाऱ्या प्रौढांच्या १९९८ मधील एका अभ्यासात आकृती व तिचे प्रतिबिंब एकच समजण्याचा त्यांचा कल निरक्षरांच्या जवळचा आढळला.