अमेरिकेतील बाल-अत्याचार नोंदवही : नावाची तपासणी, प्रमाणपत्र आणि नोंदीविरुद्ध अपील

अमेरिकेत एखाद्या मुलावर अत्याचार झाल्याची किंवा त्याच्याकडे गंभीर दुर्लक्ष झाल्याची तक्रार आली की तिची चौकशी राज्याची किंवा काउंटीची (म्हणजे राज्यातील जिल्ह्यासारख्या विभागाची) बालसंरक्षण यंत्रणा करते, आणि तक्रारीत तथ्य असल्याचा निष्कर्ष निघाल्यास संबंधित व्यक्तीचे नाव बहुतेक राज्यांत एका मध्यवर्ती नोंदवहीत जाते. ही नोंदवही पोलिसांकडील गुन्ह्यांच्या नोंदींहून वेगळी आहे आणि लैंगिक गुन्हेगारांच्या सार्वजनिक यादीहूनही वेगळी आहे. तिच्यात नाव येण्यासाठी अटक, खटला किंवा शिक्षा झालेली असावी लागत नाही. चौकशी करणाऱ्या यंत्रणेचा निष्कर्ष पुरतो. त्यामुळे ज्याच्यावर कधीही गुन्हा दाखल झालेला नाही, अशा माणसाचेही नाव तिच्यात असू शकते. ते सर्वांना पाहता येत नसले, तरी नोकरीच्या किंवा दत्तकविधानाच्या वेळी हमखास समोर येते.

ही तपासणी कोणाला करून घ्यावी लागते, हे काही अंशी संघराज्याचा कायदा ठरवतो. २००६ च्या अ‍ॅडम वॉल्श कायद्यानुसार दत्तक किंवा फॉस्टर पालक (दुसऱ्याचे मूल तात्पुरते सांभाळणारे) होऊ इच्छिणाऱ्यांची आणि त्यांच्या घरातील इतर प्रौढांची नावे, गेल्या पाच वर्षांत ते ज्या ज्या राज्यांत राहिले त्या सर्व राज्यांच्या नोंदवह्यांत तपासली जातात. पाळणाघरे व बालसंगोपन केंद्रांतील कर्मचाऱ्यांसाठी तशीच अट २०१४ च्या कायद्याने आली. शाळा, शिबिरे आणि स्वयंसेवक यांच्याबाबत प्रत्येक राज्याचे नियम निराळे असल्यामुळे, ज्या संस्थेत काम करायचे तिच्याकडून अट लेखी मागून घेणे चांगले.

पेनसिल्व्हेनियात या तपासणीचे प्रमाणपत्र अर्जदाराने स्वतः काढायचे असते. अर्ज ऑनलाइन करता येतो, शुल्क १३ डॉलर आहे आणि प्रमाणपत्र ६० महिने चालते. स्वयंसेवकांना ५७ महिन्यांतून एकदा ते विनाशुल्क मिळते. मात्र त्यावर पगारी नोकरी करता येत नाही. अर्जात ओळखीच्या तपशिलाबरोबरच आपण पूर्वी वापरलेली सर्व नावे, १९७५ पासूनचे सर्व पत्ते आणि त्या काळात आपल्यासोबत राहिलेल्या सर्व व्यक्तींची नावे द्यावी लागतात. लग्नानंतर आडनाव बदललेल्यांनी आधीचे नाव विसरू नये. जुने पत्ते आठवायला वेळ लागतो, म्हणून ही यादी अर्जाला बसण्यापूर्वीच लिहून काढावी.

आपले नाव नोंदवहीत आहे का, हे कोणी न मागताही तपासता येते. कॅलिफोर्नियात ही नोंदवही राज्याच्या न्याय विभागाकडे असते. तेथे नोटरीसमोर सही केलेला स्व-चौकशीचा अर्ज पाठवल्यास नाव आहे की नाही आणि असल्यास ते कोणत्या यंत्रणेने पाठवले, एवढे कळते. चौकशीचा मूळ अहवाल मात्र त्या यंत्रणेकडेच मागावा लागतो, आणि नोंद काढून टाकण्याची मागणीही तिच्याकडेच करावी लागते, कारण न्याय विभाग नोंद केवळ सांभाळतो. तिच्या अचूकतेची जबाबदारी ती पाठवणाऱ्यावर असते.

या साऱ्या व्यवहारात सर्वांत जपायची गोष्ट म्हणजे अपिलाची मुदत. कॅलिफोर्नियात काउंटी आपले नाव पाठवते तेव्हा सूचनापत्रासोबत सुनावणीचा मागणी-अर्ज (नमुना क्रमांक एसओसी ८३४) येतो आणि तो सूचनेच्या तारखेपासून ३० दिवसांत परत करावा लागतो. न्यायालयाने अत्याचार झाल्याचे आधीच ठरवले असेल, तर ही सुनावणी मिळत नाही. न्यूयॉर्कमध्ये निष्कर्ष बदलून मागण्यासाठी ९० दिवस मिळतात. पत्र आले की भीतीने किंवा लाजेने ते बाजूला ठेवले जाते, आणि तेवढ्यात मुदत निघून जाते. असे पत्र घरी आल्यास कृपया त्याच दिवशी त्यावरील तारीख टिपून ठेवा.

मुलांच्या संरक्षणासाठी अशी नोंदवही हवीच, कारण अत्याचाराची अनेक प्रकरणे न्यायालयापर्यंत पोहोचतच नाहीत. पण तिच्यातील चूक माणसाची उपजीविका हिरावते, हेही न्यायालयांनी मान्य केले आहे. २००९ मध्ये नवव्या सर्किटच्या, म्हणजे कॅलिफोर्नियासह पश्चिमेकडील राज्यांसाठीच्या संघराज्याच्या, अपील न्यायालयासमोर अशा दांपत्याचे प्रकरण होते, ज्यांना न्यायालयाने निर्दोष घोषित करूनही त्यांची नावे कॅलिफोर्नियाच्या नोंदवहीत राहिली होती. नोंदीला आव्हान देण्याची पुरेशी सोय नसणे घटनाबाह्य आहे, असा निर्णय तेथे झाला. २०१२ पासून त्या राज्यात केवळ तथ्य आढळलेल्या तक्रारीच नोंदवल्या जातात. न्यूयॉर्कने १ जानेवारी २०२२ पासून पुराव्याची पातळी वाढवली. पूर्वी ‘काही विश्वसनीय पुरावा’ पुरत असे, आता पुराव्याचे पारडे आरोपाच्या बाजूने झुकलेले असावे लागते. शिवाय तेथे मुलाकडे दुर्लक्ष केल्याच्या व त्याला वाईट वागणूक दिल्याच्या नोंदी आठ वर्षांनंतर नोकरी देणाऱ्यांना कळवल्या जात नाहीत. गंभीर अत्याचाराच्या नोंदींना ही सवलत नाही.

सुनावणीसाठी मूळ सूचनापत्र, चौकशी अहवालाची प्रत, त्याच प्रकरणात न्यायालयाचे आदेश असल्यास तेही, डॉक्टरांची व शाळेची कागदपत्रे आणि प्रत्यक्ष माहिती असलेल्या साक्षीदारांची नावे जवळ ठेवावीत. केवळ चांगल्या स्वभावाची शिफारसपत्रे फारशी उपयोगी पडत नाहीत; त्या दिवशी काय घडले हे दाखवणारा कागद अधिक मोलाचा असतो. इंग्रजीत बोलणे अवघड वाटत असेल, तर दुभाषाची मागणी आधीच लेखी करावी. त्याच घटनेवरून फौजदारी प्रकरणही चालू असेल, तर वकिलाला विचारल्याशिवाय कोणताही जबाब देऊ नये. निर्णय आपल्या बाजूने लागल्यास नोंद काढल्याचे लेखी पत्र मागून घ्यावे आणि ज्या संस्थेने या नोंदीमुळे नकार दिला होता तिला त्याची प्रत द्यावी.