घाणेरीवर फुलपाखरं, म्हणजे जंगल ठणठणीत?

'येऊरच्या डोंगरात घाणेरी फुललीय, फुलपाखरं भिरभिरतायत, म्हणजे जंगल सुदृढ' असा फॉरवर्ड ठाण्यात अधूनमधून फिरतो. घाणेरी म्हणजे लँटाना, एक काटेरी झुडूप. फुलपाखरं येतात हे खरंच; पण ती मध प्यायला. अंडी घालताना मादी अळीला चालेल तेच झाड शोधते. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत लिंबूवर्गीय झाडांवर अंडी घालतं, घाणेरीवर नव्हे. मुळात घाणेरी अमेरिका खंडातली; १९व्या शतकात शोभेसाठी भारतात आणलेली. तिची पानं गुरांनाही बाधतात.

पडताळायचंय? फुलं सोडा, पानं उलटून अळ्या शोधा. मग घाणेरीच्या जाळीखाली वाकून बघा : ऐन, कुडा या इथल्या झाडांची रोपं तिथे किती आणि शेजारच्या मोकळ्या रानात किती? घाणेरी जंगलाला वाढू देते की दाबते, याचा अंदाज त्यावरून येईल. काटे सांभाळून मात्र, चांगलेच ओरबाडतात.