पार्श्वभूमी : बार्बेक्यूचा पांढरा सॉस, डिकेटरपासून नाशिकपर्यंत

नाशिकमध्ये ‘व्हाइट सॉस’ मागितला तर पास्त्यावरचा सॉस मिळतो. लोणी, मैदा आणि दुधाचा. बार्बेक्यूचा पांढरा सॉस ही वेगळीच गोष्ट आहे. तो गॅसवर चढतच नाही. मेयोनीज, व्हिनेगर, लिंबू आणि सढळ हाताने घातलेली मिरी यांवर तो उभा राहतो. तो आंबट असतो आणि कढीइतका पातळ. हिवाळ्यात गंगापूर धरणाच्या बाजूला शेगड्या पेटतात तेव्हा चिकनशेजारी वाटीत जे असतं, ते बहुतेक वेळा पाकिटातलं गोडसर मेयो असतं, वर थोडं लाल तिखट भुरभुरलेलं. ते बुडवून खायला बरं लागतं, पण या सॉसचं खरं काम त्याच्याने होत नाही. ते काम काय, हे सॉस जन्मला कसा ते पाहिलं की कळतं.

डिकेटर हे अमेरिकेतल्या अलाबामा राज्याच्या उत्तर भागातलं, टेनेसी नदीकाठचं गाव. तिथले रॉबर्ट गिब्सन रेल्वेत नोकरीला होते. सहा फूट चार इंच उंची आणि त्याला साजेसा देह, म्हणून सगळे त्यांना बिग बॉब म्हणत. सुट्टीच्या दिवशी ते घरामागच्या अंगणात हाताने खणलेल्या खड्ड्यात हिकरीचं लाकूड पेटवून मांस भाजायचे आणि झाडाला फळ्या ठोकून केलेल्या टेबलावर वाढायचे. १९२५ मध्ये पांढरा सॉस त्यांच्याच हातून सुरू झाला. कोंबडी उभी दुभागायची, विटांच्या भट्टीत धुरावर तासन्‌तास शिजवायची आणि आचेवरून काढल्या काढल्या सॉसने भरलेल्या भांड्यात अख्खी बुचकळून काढायची. त्यांचं हॉटेल कुटुंबाने पुढे चालवलं, आणि सॉस बाटलीत भरून विकायला १९९४ उजाडलं. तोवर जवळपास सत्तर वर्षं हा सॉस उत्तर अलाबामाच्या बाहेर फारसा कुणाला ठाऊक नव्हता.

अमेरिकेत बार्बेक्यूचा सॉस प्रांतागणिक बदलतो. नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागात नुसतं व्हिनेगर आणि मिरची. साउथ कॅरोलायनात जर्मन वसाहतवाल्यांनी रुजवलेली मोहरी. कॅन्सस सिटीत टोमॅटो आणि काकवीचा घट्ट, गोड सॉस. हे सगळे मुख्यतः डुकराच्या किंवा गाईच्या मांसासाठी घडले, आणि त्या मांसात स्वतःची चरबी भरपूर असते. कोंबडीची छाती तशी नसते. तीन तास धुरावर राहिली की ती कोरडी पडते, घशात अडकते. तिला बाहेरून तेल हवं आणि धुराचा कडवटपणा कापायला आंबट हवं. मेयोनीज आणि व्हिनेगर एकत्र केलं की दोन्ही एका बुडीत मिळतं. शिवाय त्यात साखर जवळजवळ नसते. गोड सॉस आचेवर काळा पडतो, करपतो. या सॉसला ती भीती नाही.

मेयोनीज त्या काळी अमेरिकेत दुकानी माल होऊन फार दिवस झाले नव्हते. मूळ पदार्थ युरोपातला. फ्रेंचांनी १७५६ मध्ये मिनोर्का बेटावरचं माओन बंदर जिंकलं आणि त्यावरून हे नाव पडलं, अशी कथा सांगतात. कथा म्हणूनच ती घ्यावी. न्यू यॉर्कमध्ये रिचर्ड हेलमन या जर्मन दुकानदाराने १९१२ मध्ये काचेच्या बरणीतून मेयोनीज विकायला घेतलं. दक्षिणेत, साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलमध्ये युजिनिया ड्यूक यांचं मेयोनीज १९१७ पासूनचं. या सगळ्यामागे स्वस्त, शुद्ध केलेलं सरकीचं तेल होतं. कापसाच्या मुलखात जे बी पूर्वी कचऱ्यात जायचं, त्याचं तेल बरणीत आलं. खानदेशाच्या शेजारी राहणाऱ्यांना सरकीची किंमत वेगळी सांगायला नको.

भारतात मेयोनीज पसरलं ते अंड्याशिवाय. २००८ मध्ये डॉ. ओटकर या जर्मन कंपनीने दिल्लीची फन फूड्स ही कंपनी घेतली. त्यानंतरच्या वर्षांत सँडविच, मोमो, शोरमा यांच्या गाड्यांबरोबर हिरव्या ठिपक्याची पाकिटं गल्लोगल्ली पोहोचली. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर केरळने जानेवारी २०२३ मध्ये बंदी आणली, तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये एक वर्षासाठी, तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये एक वर्षासाठी. कारण एकच : कच्च्या अंड्यातले साल्मोनेलासारखे जंतू, आणि उघड्यावर तासन्‌तास राहिलेला माल. घरी करणाऱ्यांनी हे गंभीरपणे घ्यावं.

बिनअंड्याच्या पाकिटाने हा सॉस होतो, पण दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. त्यात तेल कमी आणि स्टार्च जास्त असतो, त्यामुळे व्हिनेगर घातलं तरी सॉस खळीसारखा चिकट राहू शकतो. आणि त्यात साखर आधीच असते. म्हणून अशा पाकिटात फळाचा रस अजिबात घालू नये, मीठ चिमूटभर जास्त लागतं. पाकिटामागचा मजकूर वाचून तेल सगळ्यात आधी लिहिलेलं असेल तेच घ्यावं.

घरी करायचं असेल तर दुधाचं मेयोनीज सगळ्यात बिनधोक. फ्रिजमधलं थंडगार फुल क्रीम दूध १०० मिली उंच, अरुंद भांड्यात घ्यायचं, त्यावर २०० मिली सूर्यफुलाचं रिफाइंड तेल ओतायचं. हँड ब्लेंडर तळाला टेकवून सुरू करायचा आणि खालचं पांढरं घट्ट होईपर्यंत, साधारण २० सेकंद, हलवायचाच नाही. मग हळूहळू वर आणायचा. लिंबाचा रस एक चमचा शेवटी. आंबट लागताच दुधातलं प्रथिन आळतं आणि मिश्रण आणखी घट्ट होतं. आधी घातलं तर दूध नासतं आणि तेल धरत नाही.

अंड्याचंच हवं असेल तर २ बलक, २ मोठे चमचे व्हिनेगर आणि २ मोठे चमचे पाणी एकत्र करून, उकळत्या पाण्याच्या भांड्यावर दुसरं भांडं ठेवून सतत ढवळत ७१ अंश सेल्सियसपर्यंत न्यायचं. थर्मामीटर नसेल तर या वाटेला जाऊ नये. ७१ आलं की भांडं लगेच थंड पाण्यात, आणि गार झाल्यावर २०० मिली तेल धारेने. तेल भसकन ओतलं की मिश्रण फाटतं. फाटलंच तर दुसऱ्या भांड्यात एक चमचा कोमट पाणी घेऊन त्यात फाटलेलं मिश्रण चमचा-चमचा करून फेटत परत आणायचं. बहुतेक वेळा सावरतं. शेंगदाणा तेल दोन्ही प्रकारांत टाळावं. घाण्याच्या तेलाचा वास वरचढ होतो आणि फ्रिजमध्ये ते थिजतं; थिजलेले कण मेयोनीजची घडी मोडतात आणि बाहेर काढलं की वर तेल सुटतं.

आता तिखटपणाकडे. मूळ सॉसमध्ये हॉर्सरॅडिश नावाचं मूळ किसून घालतात. ते नाशिकच्या भाजीबाजारात शोधत बसण्यात अर्थ नाही, आणि त्याऐवजी मुळा किसणं तर चूकच. मुळ्याने नुसतं पाणी सुटतं, नाकात काही जात नाही. याचं उत्तर मराठी स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या आहे : फेसलेली मोहरी. हॉर्सरॅडिशचा झणका आणि आपल्या काळ्या-तपकिरी मोहरीचा झणका ज्या द्रव्यामुळे येतो, ते एकच. अख्ख्या दाण्यात ते तयार नसतं. दाणा चिरडून पाणी लागलं की त्यातलं विकर, म्हणजे एन्झाइम, कामाला लागतं आणि मग तो झणका उठतो. गरम पाण्याने विकर मरतं. आंबट आधी लागलं तरी काम थांबतं. पण झणका उठल्यानंतर आंबट घातलं, तर तो टिकून राहतो.

म्हणून क्रम महत्त्वाचा. दीड चहाचा चमचा मोहरी खलात कोरडी भरडायची, मग एक मोठा चमचा गार पाणी घालून एकाच दिशेने घोटायची. आधी ती करडी, रेतीसारखी दिसते. दोन-तीन मिनिटांत रंग फिकट पिवळसर होतो, कडेला बारीक फेस धरतो आणि बत्ता उचलताना मिश्रण किंचित चिकटून येतं. खलावर तोंड नेलं की डोळ्यांच्या मागे कळ जाते. तिथे थांबायचं, १० मिनिटं झाकून ठेवायचं आणि मग व्हिनेगर ओतायचं. अर्धा तास तशीच विसरली तर झणका उडून जातो आणि मागे नुसता कडवटपणा उरतो. लोणच्यासाठी मोहरी फेसणाऱ्या बाईला यातलं काहीच नवीन वाटणार नाही.

व्हिनेगरचं गणितही बघावं. अमेरिकन पाककृतींतलं व्हिनेगर ५ टक्के आम्लाचं असतं; आपल्याकडच्या साध्या बाटलीवर बहुधा ४ टक्के लिहिलेलं असतं. तिथल्या १०० मिलीला इथले १२५ मिली लागतात. हे न पाहता माप जसंच्या तसं घेतलं की सॉस मिळमिळीत होतो आणि दोष मेयोनीजवर येतो.

एका १ ते १.२ किलोच्या कोंबडीला पुरेल असा सॉस : मेयोनीज २५० ग्रॅम, ४ टक्क्यांचं व्हिनेगर १५० मिली, लिंबाचा रस २ चहाचे चमचे, जाडसर कुटलेली ताजी मिरी २ चहाचे चमचे, वरची फेसलेली मोहरी, मीठ अर्धा चमचा, लाल तिखट पाव चमचा. बलक शिजवताना घातलेलं व्हिनेगर यातून वजा करावं. मेयोनीज गोड नसेल तर ४० मिली सफरचंदाचा रस. फेब्रुवारी-मार्चमध्ये थॉमसन द्राक्षं गाळून काढलेला रस त्याची जागा उत्तम घेतो. मेयोनीज भांड्यात आधी घ्यायचं आणि पातळ पदार्थ थोडे-थोडे त्यात घालून फेटायचे. उलट केलं, म्हणजे व्हिनेगरमध्ये मेयोनीज सोडलं, तर गुठळ्या होतात आणि त्या मोडता मोडत नाहीत. व्हिनेगर १२० मिलीला थांबून चव बघावी. नुसता चाखताना सॉस जरा जास्तच आंबट वाटला पाहिजे. धुरकट, चरबीच्या चिकनवर तो बरोबर बसतो. फ्रिजमध्ये चार तास राहिला की मिरी मुरते.

कोंबडी ब्रॉयलरच घ्यावी. गावरान चवीला कितीही सरस असली तरी या पद्धतीत चिवट राहते. तिचा मान रश्श्यात. आपल्याकडे दुकानदार कातडी सोलूनच देतो, त्यामुळे आदल्या दिवशी सांगून कातडीसकट, पिसं उपटलेली कोंबडी मागवावी आणि पाठीतून व छातीतून चिरून दोन उभे भाग करून घ्यावेत. कातडी नसेल तर सॉसने काहीही केलं तरी छाती कोरडी पडते. १५ ग्रॅम मीठ चोळून रात्रभर फ्रिजमध्ये उघडी ठेवावी.

हिकरी इथे नाही. आच बाभळीच्या कोळशाची आणि धूर आंब्याच्या सुक्या ढलपीचा, ही जोडी चांगली जमते. कडुनिंब नको, कडू उतरतो. द्राक्षबागेतल्या छाटणीच्या काड्या नाशिकमध्ये फुकट मिळतात आणि फ्रान्स-स्पेनमध्ये त्यांवर भाजण्याची जुनी रीत आहे, पण आपल्या बागांवर तांब्याच्या आणि इतर औषधांच्या फवारण्या किती होतात हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. फवारणीच्या बागेतली काडी अन्नाखाली जाळू नये.

कोळसे एका बाजूला, कोंबडी दुसऱ्या बाजूला, कातडी वर. शेगडीला झाकण नसेल तर मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं उलटं घालावं, कडेला बोटभर फट ठेवून. तास-सव्वा तासात मांडीच्या जाड भागात ८० अंशांच्या आसपास तापमान आलं, सांधा सैल फिरू लागला आणि रस स्वच्छ निघाला की झालं. सॉस आचेवर असताना फासू नये. मेयोनीज फुटतं, तेल कोळशावर गळून भडका उडतो आणि चिकनवर काजळी बसते.

सॉसचे आधीच दोन भाग केलेले असावेत. एका रुंद पातेल्यात बुडवण्याचा, दुसरा वाढण्याचा. तयार कोंबडी चिमट्याने उचलून सरळ पातेल्यात, दोन्ही बाजूंनी भिजवून लगेच बाहेर. कातडीवर सॉस पातळ, चकचकीत थर धरतो आणि मिरीचे दाणे चिकटून राहतात. पाच मिनिटांनी तुकडे करावेत. सोबत मिसळीचा असतो तसा साधा पाव आणि बारीक चिरलेला कोबी, त्याच सॉसमध्ये कालवलेला. मांसाहार न करणाऱ्यांसाठी निखाऱ्यात सालीसकट भाजलेले लासलगावचे लाल कांदे दुभागून त्यावर हा सॉस घालावा. कांद्याच्या गोडीला इतका जुळणारा आंबटपणा दुसरा सापडणं कठीण. शाकाहारी मंडळींसाठी सॉस बिनअंड्याचाच असावा आणि त्यांची वाटी वेगळी, चिकनच्या पातेल्यापासून लांब.

बुडवणीचा सॉस उरला तर तो टाकूनच द्यावा, त्यात मांसाचा रस उतरलेला असतो. वाढण्याचा भाग हिवाळ्यात दोन तास आणि मे महिन्यात तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहू नये. न वापरलेला घरचा सॉस फ्रिजमध्ये तीन दिवस चांगला राहतो. मोहरीचा झणका मात्र दुसऱ्या दिवशीच मंदावतो, तेव्हा वाढायच्या आधी अर्धा चमचा मोहरी नव्याने फेसून मिसळावी.