बाबा थांबायचे तिथे गाणं थांबत नाही

मागच्या आठवड्यात एक फॉरवर्ड आला. घरात कोणी गेलं असेल तर वर्षभर दुःखी गाणी ऐकू नका, मेंदूत निगेटिव्ह लहरी तयार होतात, त्याऐवजी ४३२ हर्ट्झचं संगीत लावा, सगळं दुःख धुऊन निघेल. ज्यांनी पाठवला त्यांनी काळजीपोटीच पाठवला हे मला कळतं, पण वाचून फार अस्वस्थ झालो, कारण बाबांना जाऊन आता आठ महिने झाले आणि या आठ महिन्यांत मला सगळ्यात जास्त रडवलं असेल आणि सगळ्यात जास्त सावरलंही असेल तर ते एकाच गाण्याने.

बाबा दाढी करताना गुणगुणायचे, रोज तेच गाणं. मुखडा झाला की गाल ताणून रेझर फिरवायचा असायचा म्हणून तोंड बंद, दोन-तीन सेकंद काहीच नाही, मग रेझर मगात खळखळ करून बुडवल्याचा आवाज, आणि मग अंतरा. तीसेक वर्षं ऐकलं मी हे. आता ओरिजिनल गाणं बसमध्ये कोणाच्या मोबाइलवर वगैरे लागतं तेव्हा मुखडा संपतो आणि लगेच पुढचं म्युझिक सुरू होतं, आणि मला तिथे ठेच लागते. अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे समजून पाय टाकावा आणि जमीनच लागावी, तसं.

या ठेचेबद्दलच लिहायचंय, कारण मेंदूविज्ञानातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट तिच्यात आहे.

आपल्याला वाटतं आवाज कानात येतो, मग मेंदू तो ऐकतो. पण मेंदू वाट बघत बसत नाही, पुढचा आवाज काय असेल ते तो आधीच मांडून ठेवतो. २००५ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांनी ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत एक छोटासा पेपर छापला. लोकांना एमआरआय स्कॅनरमध्ये झोपवून गाणी ऐकवली, काही ओळखीची, काही अनोळखी, आणि मधूनमधून दोन ते पाच सेकंद आवाज बंद केला. ओळखीच्या गाण्यात आवाज बंद झाला तरी कानाच्या वरच्या बाजूला असलेला ऐकण्याचा भाग, म्हणजे ऑडिटरी कॉर्टेक्स, अनोळखी गाण्यापेक्षा जास्त सक्रिय राहिला, आणि लोकांनी सांगितलं की त्या शांततेतही गाणं मनात पुढे चालूच होतं. मनात गाणं म्हणा असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. नुसती रिकामी जागा मिळाली, मेंदूने ती भरली.

याच्याही आधी, १९७८ मध्ये, फिनलंडच्या रिस्टो नाटानेन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की एकसारख्या टिक-टिक आवाजांत एखादा वेगळा आला की सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास मेंदूत एक ठरावीक विद्युत लहर उठते, माणसाचं लक्ष दुसरीकडे असलं तरी. आणि नंतरच्या प्रयोगांत याहून भारी गोष्ट दिसली, की आवाज बदलायच्या ऐवजी गाळलाच तरीही लहर उठते, म्हणजे जो आवाज आलाच नाही त्याला मेंदू प्रतिसाद देतो! प्रेडिक्टिव्ह कोडिंग नावाच्या थिअरीप्रमाणे मेंदूचे वरचे थर खालच्या थरांना अंदाज पाठवत असतात आणि खालून वर जाते ती फक्त चूक, प्रत्यक्ष वजा अंदाज, म्हणजे प्रेडिक्शन एरर, आणि त्या चुकीलाही वजन असतं, अंदाज जितका पक्का तितकं वजन जास्त, आणि ती चूक पुढच्या वेळचा अंदाज थोडासा सरकवते. शिकणं म्हणतात ते हेच, थोडंथोडं सरकणं. माझ्या डोक्यात तर दोन गाणी बसलीत, सिनेमातलं आणि बाबांचं, आणि वजन बाबांच्या गाण्याला जास्त आहे.

आता घरातलं माणूस म्हणजे तरी काय, असे हजारो अंदाज. सातला दारात चप्पल काढल्याचा आवाज, खोकला, फोनवरचं ‘हं बोल’. नॉर्वेत मोझर दांपत्याच्या लॅबने (त्यांना २०१४ चं नोबेल मिळालं) २०१३ मध्ये दाखवलं की उंदराच्या वावरायच्या जागेत एक वस्तू ठेवली आणि नंतर काढून घेतली तरी मेंदूतल्या काही पेशी, वस्तू जिथे होती तिथे उंदीर आला की सक्रिय होतात, तेही पुढे कित्येक दिवस. मेरी-फ्रान्सिस ओकॉनर या संशोधिका म्हणूनच दुःखाला एक प्रकारचं शिकणं म्हणतात. त्यांनी २००८ मध्ये, आई किंवा बहीण ब्रेस्ट कॅन्सरने गेलेल्या २३ बायकांचा अभ्यास केला. ज्यांचं दुःख अडकून राहिलं होतं त्यांच्या मेंदूत त्या माणसाची आठवण करून देताना न्यूक्लियस अक्युम्बन्स (मेंदूतला ओढ आणि बक्षिसाशी जोडलेला एक छोटा भाग) जास्त पेटत होतं, आणि ओढ जितकी जास्त तितकं ते जास्त. गाणं ऐकताना अंगावर काटा येतो त्या क्षणी डोपामिन नावाचं रसायन सुटतं ते याच भागात, हे मॉन्ट्रियलमध्ये २०११ साली मोजलं गेलं. गाण्याची ओढ आणि गेलेल्या माणसाची ओढ मेंदूत इतकी शेजारी आहे हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून गॅलरीत जाऊन उभा राहिलो होतो.

म्हणून मला दुःखी गाणी टाळा हा सल्ला पटत नाही. बाबा गेले हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, पण सातच्या चपलेच्या आवाजाला ते माहीत नव्हतं. प्रत्येक अंदाजाला ते वेगळं कळावं लागतं, आणि चूक झाल्याशिवाय अंदाज सरकत नाही. गाण्यात ती चूक चार मिनिटांच्या मापात मिळते, सुरू कधी करायचं आपल्या हातात, थांबवायचंही आपल्या हातात. दुःखाचा अभ्यास करणाऱ्या स्ट्रोब आणि शूट या संशोधकांनी १९९९ मध्ये म्हटलंय की माणूस दुःखात जातो, बाहेर येऊन रोजची कामं करतो, परत जातो, हे येणं-जाणंच चांगल्या तब्येतीचं लक्षण. अर्थात सगळ्यांना गाणं मानवतं असं नाही, काही जण त्याच त्या विचारात जास्तच रुततात, त्यांनी बंदच ठेवावं, आणि महिनोन्‌महिने रोजचं जगणंच ठप्प असेल तर सरळ डॉक्टरकडे जावं.

राहिलं ४३२ हर्ट्झ. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं. सेकंद माणसाने ठरवलेला, तो थोडा लांब ठरला असता तर त्याच सुराचा आकडा वेगळा आला असता, मग ४३२ या आकड्यात जादू कसली? आज वाद्यं ज्याला जुळवतात तो प्रमाण सूर ४४० हर्ट्झ, तोही १९३९ मध्ये लंडनच्या परिषदेत ठरला, सगळ्यांची वाद्यं जुळावीत म्हणून, एवढंच. आणि अचानक गेलेल्या माणसाचं आवडतं गाणं लागलं म्हणजे तेच काहीतरी सांगतायत असं कोणी म्हणालं की मी वाद घालत नाही, पण मला तसं वाटत नाही. ते गाणं आधीही लागायचंच, तेव्हा कोणी दचकत नव्हतं.

परवा संध्याकाळी आई म्हणाली, लाव रे ते. इतके दिवस तिने कधी सांगितलं नव्हतं. मी मोबाइल टेबलावर ठेवून लावलं. मुखडा संपला, आणि तिने हात पुढे करून पॉज दाबलं. दोन-तीन सेकंद. मग म्हणाली, ‘आता मग,’ आणि परत प्ले केलं.