गिटमध्ये नवी ब्रँच काढल्याने डिस्क भरत नाही

सोलापुरात कोडिंग शिकणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर गिट या, कोडमधले बदल जपून ठेवणाऱ्या टूलबद्दल एक मेसेज सारखा फिरतो: "गिटमध्ये ब्रँच काढली की अख्ख्या प्रोजेक्टची कॉपी होते, जास्त ब्रँच नकोत." फोल्डरच्या कॉप्या काढायची सवय असली की असं वाटणं साहजिक आहे.

पण ब्रँच म्हणजे फक्त एका कमिटकडे, म्हणजे प्रोजेक्टच्या जपून ठेवलेल्या एका टप्प्याकडे, बोट दाखवणारी नोंद. चादरींच्या गठ्ठ्याला दुसरी चिठ्ठी लावली म्हणून चादरी दुप्पट होत नाहीत, तसंच. स्वतः बघा: नवी ब्रँच काढा, प्रोजेक्टमधल्या डॉट-गिट (.git) या लपलेल्या फोल्डरात रेफ्स, मग हेड्स फोल्डरात तिच्या नावाची फाइल उघडा. सहसा 40 अक्षरांचा हॅश, म्हणजे त्या कमिटची ओळख, दिसेल, बस्स.

दोन ब्रँचवर एकाच वेळी काम असेल तर 2015 पासून 'गिट वर्कट्री अ‍ॅड' ही कमांड आहे. तिथे मात्र कामाच्या फाइली खरंच दुसऱ्या फोल्डरात उतरतात, तेवढी जागा लागतेच. कमिटचा इतिहास दोघांत एकच.