शोभिवंत माशांचे आजन्म संगोपन (कोल्हापूर)

काचेच्या टाकीतला मासा त्याच्या जातीला लाभणारे पूर्ण आयुष्य जगावा, यासाठी जागा, पाणी, वीज, रोजची देखभाल आणि पुढे सांभाळणारे माणूस यांची आधीच केलेली तजवीज म्हणजे आजन्म संगोपन. कोल्हापुरात टाकी घरात येते ती बहुधा मुलांच्या हट्टापायी, नाहीतर वास्तूच्या सल्ल्यावरून. मुलगी चौथीत असताना आणलेला गोल्डफिश नीट सांभाळला तर ती कॉलेजसाठी पुण्याला गेल्यावरही टाकीत फिरत असतो, आणि पाणी बदलायचे काम आजी-आजोबांवर येते. म्हणून मासा घेण्याआधी घरात बसून हेच बोलून घ्यावे.

आयुष्य आणि आकार

गप्पी दोन-तीन वर्षे जगतो, फायटर साधारण तीन, मॉली तीन ते पाच. एंजल आठ-दहा वर्षे काढतो. गोल्डफिश आणि ऑस्कर १० ते १५ वर्षे जगतात, कोई २५ च्याही पुढे जातो. दुकानात मात्र हे सगळे दोन-तीन इंचांची पिल्ले म्हणूनच दिसतात. काच साफ ठेवतो म्हणून घेतलेला ‘सकर’ सव्वा-दीड फुटापर्यंत वाढतो. ‘शार्क’ या नावाने मिळणारी चंदेरी पिल्ले पंगासिअसची असतात. हा नदीत मीटरभर वाढणारा मासा. त्याला पुरेल अशी टाकी घरात बसतच नाही, तेव्हा तो घेऊच नये.

टाकीच्या मापाप्रमाणे मासा वाढतो, हा समज घातक आहे. लहान टाकीत वाढ खुंटते ती घाण पाण्यामुळे; कणा वाकतो, आयुष्य निम्म्यावर येते. आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ गोल्डफिश दहा लिटरच्या बाऊलमध्ये ठेवण्याची पद्धत अजून टिकून आहे. इतक्या पाण्यात एकही गोल्डफिश ठेवणे म्हणजे त्याचे हालच. दोन फॅन्सी (गुबगुबीत अंगाच्या, दुहेरी शेपटीच्या) गोल्डफिशना ३ × १.५ × १.५ फुटांची टाकी द्यावी. तिच्यात काठोकाठ १९० लिटर पाणी मावते. काच आणि खडीसह वजन सव्वादोनशे किलोंच्या वर जाते. स्टँड लेव्हलमध्ये हवा आणि टाकीखाली थर्माकोल हवा, नाहीतर एका कोपऱ्यावर ताण येऊन सिलिकॉनचा जोड सुटतो.

पाणी मुरवणे

नव्या टाकीतले मासे पहिल्या महिन्यात मरतात त्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सुटतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे न टाकता फिल्टर चालू ठेवावा, बाहेरून अमोनिया घालून त्याची मात्रा २ पीपीएमपर्यंत (लिटरला २ मिलिग्रॅम) आणावी आणि टेस्ट किटने एक दिवसाआड मोजत राहावे. तेवढा अमोनिया घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की टाकी तयार झाली. मग बरेचसे पाणी बदलून थोडे-थोडे मासे सोडावेत. जुन्या, निरोगी टाकीतला स्पंज मिळाला तर हा काळ खूप कमी होतो.

अमोनिया चढला की मासे पृष्ठभागाशी तोंड उघडे ठेवून लटकतात, पर मिटून घेतात, कल्ल्यांच्या कडा लाल होतात. पीएच ८ च्या वर असला तर हेच विष अधिक जहाल होते. बोअरच्या पाण्याची टाकी असेल तर पीएच आधी मोजावा. अमोनिया चढल्याची लक्षणे दिसली की खाद्य बंद करून निम्मे पाणी लगेच बदलावे.

आठवड्याचे काम

दर आठवड्याला सुमारे पाव हिस्सा पाणी बदलावे. वर सांगितलेल्या १९० लिटरच्या टाकीसाठी हे ४५ लिटर, म्हणजे १५ लिटरच्या तीन बादल्या. सायफन नळी खडीत खुपसून तळाची घाण ओढून घ्यावी. नळाच्या पाण्यातले क्लोरिन अँटिक्लोरिनने मारावे किंवा पाणी हवेचा दगड (एअर पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) लावून दिवसभर ठेवावे. पावसाळ्यात गढूळ पाण्यासाठी क्लोरिन जास्त पडू शकते, तेव्हा नुसत्या अंदाजावर जाऊ नये. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीतच दाबावा. पाणी चहासारखे तपकिरी होते. दोन-तीनदा पिळले की पुरे. तो नळाखाली पांढराशुभ्र धुतला तर जिवाणू मरतात आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते.

खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढेच, दिवसातून दोनदा द्यावे. गावाला जाताना दाण्यांचा डबा शेजाऱ्यांकडे देऊ नये. मायेपोटी जास्त पडते आणि पाणी नासते. एकेका वेळेच्या कागदी पुड्या बांधून द्याव्यात. मोठे, निरोगी मासे आठवडाभर उपाशीही तग धरतात.

एप्रिल-मेमध्ये पाणी ३० अंशांवर गेले की त्यात प्राणवायू कमी राहतो. पातळी दोन इंच खाली घ्यावी, म्हणजे फिल्टरची धार वरून पडून हवा मिसळते. हिवाळ्यात रात्री गारठा वाढला की एंजल, ऑस्करसारख्यांना हीटर लागतो (लिटरला साधारण १ वॅट). गोल्डफिशला लागत नाही.

पूर आणि वीज

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात शहराचा पाणीपुरवठा कित्येक दिवस बंद होता. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी ३९ कडे सरकू लागले की टाकीसाठी वेगळे पिंप भरून ठेवावे, खाद्य बंद करावे आणि बॅटरीवरचा एअर पंप तपासावा. घरगुती एअर पंप अवघे ३ ते ५ वॅट घेतो, त्यामुळे लहान इन्व्हर्टरवरही तो खूप वेळ चालतो. पूररेषेतल्या तळमजल्यावर मोठी टाकी मांडू नये. घर सोडावेच लागले तर झाकणाची बादली टाकीच्याच पाण्याने एक तृतीयांश भरून, वर हवा ठेवून मासे न्यावेत, स्पंज त्याच पाण्यात ओला ठेवावा. सर्वाधिक विसरतो तो स्पंजच.

मासे सांभाळणे अशक्य झाल्यास

बदली, आजारपण, परगावची नोकरी ही कारणे खरी असतात. काही महिने आधीपासून दुसरा पाळणारा शोधावा, मासा घेतलेल्या दुकानात विचारावे, आणि देताना जात, वय, खाद्य व पाणी बदलण्याचा दिवस लिहून द्यावा. दया म्हणून रंकाळा तलावात, कळंबा तलावात किंवा पंचगंगेत मात्र कधीही सोडू नये. बरेच मासे तिथे मरतात. जगतात ते स्थानिक माशांच्या मुळावर येतात. सकरचे नर काठात बिळे करून काठ पोखरतात, आणि पंचगंगेत गेलेला जीव पुढे नरसोबाच्या वाडीला कृष्णेत पोहोचू शकतो. बऱ्या न होणाऱ्या माशासाठी पशुवैद्यकाला विचारून लवंगतेलाच्या मोठ्या मात्रेने वेदनारहित मरण देता येते. मेलेला मासा जमिनीत पुरावा.

टाकीतली पाणवनस्पती आणि गोगलगायी जयंती नाल्यात टाकू नयेत, उन्हात पूर्ण वाळवून मगच फेकाव्यात. उरलेले पाणी गाळून कुंड्यांना घालावे, त्यातले नायट्रेट झाडांना खत म्हणून चालते. मीठ किंवा औषध घातलेले पाणी मात्र मोरीत ओतावे.